रिकाम्या हाताने जाऊ नये

"साखर नको," असं म्हणून जाब्लनने कपावर हात ठेवला, तेव्हा त्याच्या बायकोला, ट्रुफोसाला, वाटलं की कालच्या भांडणाचा राग अजून उतरलेला नाही. भरलेला चमचा तसाच हवेत धरून ती म्हणाली,

"अहो, भांडण माझ्याशी आहे ना? मग चहाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"भांडण कुणाशीच नाही. साखर सोडली मी."

"सोडली म्हणजे?"

"सोडली म्हणजे सोडली. पांढरा पाव सोडला, पावावरचं मार्गारीन सोडलं, गोड सोड्याच्या बाटल्या सोडल्या. बिस्किटं घरात आणायची नाहीत. आणि तो पुड्यातला मसाला रश्शात टाकतेस ना, तोही बंद."

ट्रुफोसाने चमचा डब्यात उपडा केला. "एवढं सगळं सोडताय, तर मलाही सोडा. जाते माहेरी. तिकडे चहात साखर असते."

जाब्लन मुटोका हा आमच्या बाजारातला शिंपी. शाळांचे गणवेश शिवावेत तर त्यानेच. गावची सगळी पोरं त्याच्याच हिरव्या चड्ड्यांत वाढली. मशीन पायाचं. उजवा पाय पायडलवर आणि तोंडात टाचण्या, अशा अवस्थेत त्याने सगळा संसार उभा केला होता. मधे त्याच्या बोटात सुई गेली. शिंप्याच्या बोटात सुई जायचीच, पण ही जखम काही भरेना, म्हणून तो दवाखान्यात गेला. तिथल्या सिस्टरने आधी बोट पाहिलं, मग रक्त तपासलं, मग त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "साखर काठावर आहे तुझी. खायची सोडलीस तर पाय तुझे. नाही सोडलीस तर आमचे."

दुसऱ्या कुणाला हे बोलणं कळायला वेळ लागला असता. जाब्लनला लागला नाही, कारण त्याच्या बापाला आम्ही दोन हप्त्यांत पुरलं होतं. याच आजाराने म्हाताऱ्याचा आधी एक पाय गेला. कापलेला पाय इस्पितळाने कपड्यात गुंडाळून घरच्यांच्या हवाली केला, आणि घरच्या माणसाचा पाय फेकून कसा द्यायचा म्हणून तो परसातल्या केळीखाली रीतसर पुरला. पाद्री आले, दोन गाणी झाली, चहा झाला. मातीला आलेल्या माणसाला चहा न देता परत पाठवायची आमच्याकडे रीत नाही, मग माती नुसत्या पायाची का असेना. म्हातारा स्वतः खुर्चीत बसून आपल्या पायाच्या मातीचा चहा प्याला, चांगली साखर घालून. उरलेला म्हातारा पुढच्या वर्षी त्याच केळीशेजारी गेला. दवाखान्यातून घरी येताना जाब्लनला त्या केळीवरून यावं लागलं, आणि तिथेच उभं राहून त्याने ठरवलं.

ठरवणं सोपं. पण आमचा मुलूख उसाचा. दाराबाहेर पाऊल टाकलं की ऊस, रस्त्यात ट्रॅक्टरवरून सांडलेला ऊस, ट्रॅक्टरमागे धावणाऱ्या पोरांच्या तोंडात ऊस. अशा ठिकाणी साखर सोडणं म्हणजे गावालाच नावं ठेवणं. बिनसाखरेचा चहा आमच्याकडे फक्त एकाच घरात होतो, जिथे साखर आणायची ऐपत उरलेली नाही. ट्रुफोसाला नवऱ्याच्या पायाची काळजी होतीच, सासऱ्याचं शेवटचं सगळं तिनेच केलं होतं. पण शेजारीण चहाच्या वेळी डोकावली की ती घाईघाईने साखरेचा डबा काढून दिसेलसा ठेवायची. "लोक म्हणतील, शिंप्याचं घर साखरेला महाग झालं," असं ती म्हणायची, आणि लोक तसंच म्हणत होते.

जाब्लन मात्र हट्टी निघाला. सकाळी उकडलेलं रताळं, दुपारी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सागा नावाच्या पाल्याची भाजी. ही सागाची भाजी मुळात कडू, दुधात शिजवली तरी कडू. ती खाताना तो असं तोंड करायचा की ट्रुफोसाला हसू यायचं. पण बोटाची जखम भरली. पोटही उतरायला लागलं. पँट खाली घसरायला लागली, तेव्हा त्याने बाजारात, आपल्या टपरीत सगळ्यांदेखत बसून ती कंबरेत आवळली. काही आठवड्यांनी ती पुन्हा घसरायला लागली. त्याने पुन्हा आवळली.

इथे चूक झाली. आमच्याकडे माणूस वाळला की लोक कारण विचारत नाहीत. एक काळ असा गेला की जो वाळला तो गेलाच, आणि कशाने गेला त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तेव्हापासून पोट हीच आमच्याकडे प्रकृती. आणि इथे शिंपी स्वतःचीच पँट दुसऱ्यांदा आवळत बसलेला. समोरची टोमॅटोवाली त्याच्याकडे बघायची आणि मान हलवायची.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाने खुशीने सोड्याची थंड बाटली आणून त्याच्यापुढे ठेवली. जाब्लनने ती हळूच बाजूला सारली.

"का रे बाबा? माझ्या हातचं विष वाटतं का?" गिऱ्हाईक म्हणालं.

"नाही हो. डॉक्टरांनी मना केलंय."

टोमॅटोवालीने टोमॅटोवरचा हात काढून छातीवर ठेवला. आमच्याकडे एखाद्याने दिलेलं खाणंपिणं नाकारायची दोनच कारणं असतात, भांडण तरी किंवा संशय तरी. 'डॉक्टरांनी मना केलंय' हे तिसरं कारण फक्त त्या माणसाचं असतं, ज्याच्या घरच्यांना इस्पितळाने घरी नेऊन चार दिवस बरं बोला म्हणून सांगितलेलं असतं. संध्याकाळपर्यंत जाब्लन बाजारात शिंपी होता. अंधार पडेतो तो बिचारा झाला होता.

दुसऱ्याच दिवशी चर्चमधल्या बायका आल्या. पुढे अबिगेल आत्या. आत्या म्हणजे जाब्लनच्या बापाची थोरली बहीण. तिने आपल्या हयातीत इतकी माणसं पोहोचवली होती की तिला बघून कोंबडीसुद्धा अंगणातून सरकायची. बायकांनी दारातच गाणं सुरू केलं, स्वर्गात दुःख नाही वगैरे. आणि प्रत्येकीच्या हातात साखरेचा पुडा. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आमची रीत. न्यायचं काय, तेही ठरलेलं आहे. साखर, पांढरा पाव आणि मार्गारीनचा डबा. ज्याची जेवढी माया, तेवढा मोठा पुडा.

"आत्या, मी बरा आहे," जाब्लन म्हणाला.

"हो बाळा, हो. बराच आहेस," आत्या म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

"अगं, वजन मी मुद्दाम कमी केलंय."

"तुझा बापही शेवटी शेवटी असंच म्हणायचा. मुद्दाम झोपलोय, म्हणायचा."

आलेल्यांना चहा द्यायलाच हवा. ट्रुफोसाने मोठं पातेलं ठेवलं, आणि दाखवायच्या डब्यात साखर उरली नव्हती म्हणून आणलेल्यातलाच एक पुडा फोडला. बायका गोड चहा पीत बसल्या आणि जाब्लनने आपला कोरा चहा तोंडाला लावला. सगळ्या जणी घोट घेताना कपाच्या कडेवरून त्याच्याकडे बघत होत्या. घोट गिळताना त्याचं तोंड वाकडं झालं. "गिळवत नाही हो त्याला," एकजण हलकेच म्हणाली, आणि झालं.

त्यानंतर ओघ लागला. गल्लीतले आले, वरच्या वाडीतले आले, शाळेचे मास्तर आले. कधी काळी ज्यांच्या पँटी त्याने आखूड करून ठेवल्या होत्या, तेसुद्धा क्षमा केल्याचं सांगायला आले. फोडल्या पुड्यांपेक्षा आलेले पुडे कितीतरी जास्त. मागच्या खोलीत, जिथे गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे असायचे, तिथे साखरेची थप्पी उभी राहिली. पाव वाळून दगड झाले. मुंग्यांनी सहकुटुंब मुक्काम ठोकला. साखर सोडली त्या घरात आमच्या गावातली सगळ्यांत जास्त साखर.

"अहो, दुकानात परत देऊन टाकू का?" ट्रुफोसाने विचारलं.

"दुकानदारच दोन पुडे घेऊन आला होता ना काल? त्याला काय सांगशील?"

ट्रुफोसा थप्पीकडे बघत राहिली. "आजवर माझ्या घरात एवढं कधी आलं नव्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता, हे जाब्लनला आवडलं नाही.

सगळ्यांत शेवटी आला हेझ्रॉन. जाब्लनचा धाकटा भाऊ. हा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. पोट स्टिअरिंगला टेकलेलं, गालात उसाचं कांडं आणि मांडीत सोड्याची बाटली. त्याने दारातूनच मोठ्याने रडायला सुरुवात केली, आणि खांद्यावरून साखरेचं अख्खं पोतं उतरवलं. पोत्याच्या तोंडाला हिरव्या कापडाची पट्टी बांधलेली. ती पट्टी जाब्लनने लगेच ओळखली. त्याच्याच टपरीतली, गणवेशाच्या कापडाची कातरण.

"दादा, मला का नाही सांगितलंस? मी काय मेलो होतो?"

"हेझ्रॉन, बस. नीट ऐक. मला काही झालेलं नाही. उलट तू साखर सोड. तुझं पोट बघ."

"स्वतः असा झालास, आणि काळजी माझी!" हेझ्रॉन ट्रुफोसाकडे वळला. "वहिनी, बघ. माझ्या भावाचं मन बघ." आणि तो पुन्हा रडायला लागला.

सकाळी जाब्लनला झोपेतून जाग आली ती खसाखसा आवाजाने. बाहेर हेझ्रॉन आणि शेजारचे दोघे जण लांब विळे घेऊन अंगणापासून सडकेपर्यंतचं गवत कापत होते, दोन्ही बाजूंची झुडपं तोडून वाट रुंद करत होते.

"हे काय चाललंय?"

"काही नाही दादा. साफसफाई."

"कशाला?"

हेझ्रॉनने विळा थांबवला. त्याची नजर इकडेतिकडे गेली. "पाहुणे येतील," तो म्हणाला.

शवपेटीची गाडी यायची असली की वाट एवढी रुंद करतात, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. जाब्लन तसाच घरात गेला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मनापासून संताप आला. भीती वाटली ती दुपारी, कारण दुपारी गिऱ्हाइकं टपरीवर आली आणि न शिवलेलं कापड परत मागायला लागली.

"तसं नाही हो, घाई कशाची," एक बाई म्हणाली. "पण उद्या काही कमी-जास्त झालं, तर माझं कापड कुणाकडे मागायचं? वहिनींना त्या वेळी कापडाचं विचारणं बरं दिसेल का?"

आठवडाभरात मशीनला काम उरलं नाही. पाय धडधाकट राहिला, आणि त्याला पायडल मारायला कापडच नाही. ज्या पायासाठी एवढी सागाची भाजी गिळली, तो आता रिकामा हलायचा.

मग जाब्लनने ठरवलं की आता दाखवूनच देतो. कापणीच्या रविवारी चर्चच्या पटांगणात इसुकुटीचे ढोल वाजतात आणि सगळं गाव नाचतं. जाब्लन आवळलेली पँट घालून रिंगणात उतरला, आणि असा नाचला की तसा जन्मात नाचला नव्हता. तरुण पोरं दमून बाजूला झाली. हेझ्रॉन तर दोन उड्यांतच धापा टाकत बाकावर बसला, कपाळाचा घाम पुसत आणि बूट चढवलेला डावा पाय चोळत. ढोलवाल्यांचे हात थकले तरी जाब्लन थांबेना. शेवटी थांबला, कंबरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघितलं आणि ओरडला,

"बोला! मरणारा माणूस असा नाचतो?"

बायकांत अबिगेल आत्या बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, पण आत्याची कुजबुजही पटांगणभर ऐकू जाते, "विझताना दिवा मोठा होतो गं बाई."

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या सिस्टरने पुन्हा रक्त तपासलं आणि खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. साखर काठावरून चांगली मागे आली होती. "असाच राहा. म्हातारा होशील, दोन्ही पायांसकट." जाब्लनने तिला हाताला धरून बाजारात आणलं. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की हा ठणठणीत आहे, याला काही झालेलं नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. सिस्टर गेल्यावर टोमॅटोवाली म्हणाली, "चांगली आहे हो पोर. शेवटपर्यंत धीर देते."

आणि मग हेझ्रॉन पडला.

ट्रॅक्टर उभा करून उतरताना पडला, आणि उठलाच नाही. काकामेगा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेल्यावर कळलं की रक्तात साखरच साखर आहे. डाव्या पायाच्या बोटाला केव्हातरी उसाचा खुंट लागला होता. ती जखम रबरी बुटाच्या आत कधीपासून सडत होती, आणि त्याने बूट काढून बायकोलासुद्धा दाखवली नव्हती. तीन बोटं काढली. पाय राहील की नाही ते बघू, असं सांगून त्याला घरी पाठवलं.

गावाला याचा अर्थ लावायला फार वेळ लागला नाही. थोरला वाळत होता, मरणाच्या दारात होता. एकाएकी ठणठणीत झाला, नाचला, सिस्टरने तसं भर बाजारात सांगितलं. आणि त्याच आठवड्यात धाकटा आडवा. साखर खाऊन पाय जातो यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही. पण भाऊ आपलं दुखणं भावाच्या गळ्यात बांधतो, यावर सगळ्यांचा बसतो.

जाब्लनच्या कानावर हे आलं तेव्हा तो टपरीत एकटाच बसला होता. त्याला राग आला नाही, रडू आलं. लहानपणी हेझ्रॉनला ऊस सोलता यायचा नाही. जाब्लन दातांनी सोलून द्यायचा आणि गोड कांडं त्याला देऊन वरचा फिका शेंडा आपण खायचा. हेझ्रॉनला गोडाची सवय आपणच लावली, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. उठून त्याने टोपली भरली. सागाची भाजी, रताळी, भुईमुगाच्या शेंगा, परसातली अंडी. ती घेऊन तो भावाच्या घरी गेला.

अंगण माणसांनी भरलेलं. आत खाटेवर हेझ्रॉन, पायाला बांधलेलं पांढरं बोचकं. भिंतीला लागून साखरेचे पुडे. हेझ्रॉनची बायको फॅनिस टोपलीत डोकावली, आणि तिने टोपली उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"बघा! साऱ्या गावाने साखर आणली, आणि सख्ख्या भावाने पाला आणलाय. पाला! भाऊजी, तुमचं दुखणं तर देऊन झालं. आता उपाशी मारायचंय का?"

"फॅनिस, डॉक्टरांनी तुला सांगितलं नाही का?"

"सांगितलं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "सांगितलं ना. साखर बंद, पाव बंद. पण मग ही आलेली माणसं? यांच्यापुढे काय ठेवू? हा पाला?"

जाब्लन आत्याकडे वळला. आत्या खाटेच्या उशाशी बसली होती. "आत्या, तू तरी बोल. माझ्या बापाचा पाय तू केळीखाली पुरताना पाहिलास. तेच चाललंय हे. तेच!"

आत्याने त्याला खुणेने बाहेर नेलं. कोंबड्यांच्या खुराड्यामागे थांबून ती म्हणाली,

"मला काय कळत नाही असं वाटतं तुला? साखरेनेच गेला तुझा बाप. पण पाय गेल्यावर त्याने साखर सोडली होती, हे तुला ठाऊक आहे का? तू तेव्हा शहरात शिवण शिकत होतास, तुझं लग्नही व्हायचं होतं."

"सोडली होती?"

"सोडली होती. आणलेले पुडे परत करायचा. मग लोक म्हणाले, म्हाताऱ्याला आपलं नकोय. यायचे बंद झाले. सबंध पावसाळाभर तो त्या खुर्चीत एकटा बसून होता. शेवटी त्यानेच मला म्हटलं, अबिगेल, साखर घाल आणि लोकांना सांग, मी घालतोय." तिने नाक शिंकरलं. "साखरेने माणूस मरतो, कबूल. पण कुणी येईनासं झालं की त्याच्या आधी मरतो. आता जा. भरल्या हाताने ये, आणि तुझ्या भावाच्या घरात बसून चहा पी. सगळ्यांदेखत. नाहीतर उद्या त्याला काही झालं तर हे गाव तुला खांदा द्यायलासुद्धा येऊ देणार नाही."

जाब्लन घरी गेला. मागच्या खोलीत ट्रुफोसा मुंग्यांना झाडत होती. त्याने थप्पीतून पोतं ओढलं तेव्हा तिने विचारलं नाही कुठे नेताय. फक्त म्हणाली, "त्यातलंच नेताय? त्यानेच आणलेलं?"

"बाकी पुड्यांना मुंग्या लागल्यात."

भावाच्या दारात त्याने खांद्यावरून पोतं उतरवलं, तेव्हा अंगणातल्या लोकांनी वाट करून दिली. एकदोघांनी समाधानाने मान हलवली. एवढं मोठं कुणीच आणलं नव्हतं. फॅनिसने हिरव्या पट्टीची गाठ सोडली, पातेल्यात ओंजळीने साखर घातली, आणि पट्टी चुलीजवळच्या खिळ्याला अडकवली. हेझ्रॉन खाटेवरून त्या पट्टीकडे बघत होता. मग त्याने भावाकडे बघितलं.

"दादा," तो अगदी हळू म्हणाला. "हे तर माझंच..."

"गप."

हेझ्रॉनला हसू आलं. हसताना पाय दुखला आणि तोंड वाकडं झालं. मग त्याने जाब्लनचा हात धरला आणि जवळ ओढून कानात विचारलं, "तू कसं सोडलंस रे? फार जड गेलं का?"

"पहिले काही दिवस. मग नाही."

"मला पण सोडायचंय दादा. मला त्या केळीखाली जायचं नाही. ही माणसं गेली ना, की सांग मला, कसं करायचं."

जाब्लनने दाराकडे बघितलं. उसाच्या टोळीतली माणसं आत येत होती, प्रत्येकाच्या हातात पुडा. त्यांच्यामागे चर्चमधल्या बायका गाणं सुरू करायच्या बेतात होत्या.

"ही जात नसतात, हेझ्रॉन," तो म्हणाला.

चहा आला. फॅनिसने पहिला कप जाब्लनच्या हातात दिला, आणि गाणं थांबलं. सगळी खोली त्याच्या पहिल्या घोटासाठी थांबल्यासारखी बघत होती. आत्या बघत होती. हेझ्रॉनही बघत होता. भावाने कप खाली ठेवावा, नको म्हणावं, म्हणजे आपल्यालाही म्हणता येईल, एवढीच त्याच्या डोळ्यांत आशा होती. जाब्लनला ती अगदी स्वच्छ दिसली. त्याला मशीन दिसलं, रिकामं पायडल दिसलं, दारातल्या माणसांचे चेहरे दिसले. कपावर हात ठेवायला एक क्षण पुरला असता.

तो प्याला. एका दमात अख्खा कप प्याला. इतक्या महिन्यांनी साखर जिभेला लागली आणि त्याला ओकारी यायला झाली, पण ती त्याने चहाबरोबर गिळून टाकली.

"हां!" आत्या म्हणाली. "आता कसा माणसासारखा दिसतोस."

खोलीतला ताण उतरला. बायका हसल्या. कुणीतरी सांगितलं, पुढच्या आठवड्यात मुलीचं कापड घेऊन येतो, गणवेश शिवायचाय. फॅनिसने दुसरा कप खाटेवर नेला. हेझ्रॉनने कपाकडे बघितलं, मग भावाकडे, आणि भावाने नजर वळवल्यावर तो मुकाट्याने प्याला. गाणं पुन्हा सुरू झालं.

जाब्लन बाहेर पडला. अंगणापासून सडकेपर्यंत माणसं वाकून गवत कापत होती, झुडपं तोडत होती. त्याला बघून त्यांनी हात थांबवला नाही. एकाने फक्त आपला विळा त्याच्यापुढे धरला, घरचाच माणूस म्हणून.

"कशाला?" जाब्लनने विचारलं.

"पाहुणे येतील," तो माणूस म्हणाला.

जाब्लनने विळा घेतला आणि तो वाकला. शिंप्याचा हात तो. त्याच्या बाजूची कड अगदी सरळ कापली गेली.